टाक्यांवरचा गरम पट्टा

मुलांनो, पोटावरची चरबी यंत्रानं उतरवण्याची टूम निघाली तुमच्या मोठ्या शहरांकडेच असेल, पण कोल्हापूरला पोचायला तिला फार वेळ लागला नाही. दोन हजार सालाच्या थोडं पुढे-मागे शाहूपुरीत एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर स्लिमिंग सेंटर निघालं. जिन्यात मटणाच्या रश्श्याचा वास इतका दाट असे, की वर निघालेल्या बायकांचा निश्चय अर्ध्या जिन्यातच डळमळत असे. बऱ्याच जणी उतरताना खानावळीतून डबा बांधून नेत. आमच्या गावाला यात काही वावगं वाटत नसे. तर्री आधी मागून घ्यायची आणि मग ती पोटावरून काढायलाही माणूस लावायचा.

सेंटरमधली मुख्य वस्तू म्हणजे विजेवर तापणारा, थरथरणारा रुंद पट्टा. तो पोटाला आवळून आडवं पडायचं, घाम गाळायचा, आणि मग पांढरा कोट घातलेली मुलगी टेपनं कंबर मोजून म्हणायची, "कमी झालं, मॅडम." सुरुवातीला टेप सैल आणि शेवटी घट्ट, एवढीच तिची विद्या. मी हे जवळून पाहिलं, कारण मला सोबतीला नेलं जाई.

नेणारी माझी धाकटी जाऊ. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा होता. होणारी विहीण उसाच्या पट्ट्यातल्या बिद्री गावची, चाळिशी उलटूनही उसासारखी सरळ. सुपारीच्या दिवशी दोघींचा शेजारी बसवून फोटो काढला, त्यात जाऊ पुरती आली आणि विहीण तिच्याआड अर्धी गेली. तेव्हापासून जावेला दुसरं काही सुचेना. मुलीच्या संसाराची काळजी नंतर. लग्नात त्या बाईशेजारी उभं राहताना पोट दिसता कामा नये.

पट्ट्यानं फरक पडतोय असं ती म्हणायची. फक्त बेंबीजवळचा एक गोळा काही केल्या हलत नव्हता. कोटवाली मुलगी म्हणाली, "ही हट्टी चरबी असते," आणि पट्टा आणखी आवळला. ही हट्टी चरबी खोकलं की फुगायची आणि आडवं झालं की गायब व्हायची. चरबीला इतकी शिस्त कुठून आली, असं मी जावेला विचारलं आणि तिला सर्जनकडे घेऊन गेले.

त्यांनी गोळ्यावर बोट ठेवलं. "ही चरबी नाही, हर्निया आहे. आतडं बाहेर डोकावतंय आणि त्याला तुम्ही पट्ट्यानं दाबताय."

"मग लगीन झाल्यावर करूया की ऑपरेशन," जाऊ म्हणाली. "तवर नुसता पट्टा लावते."

"आतडं अडकलं तर मांडवातून उचलून आणावं लागेल तुम्हाला."

ऑपरेशन गणपती उठल्यावर झालं, नीट झालं. घरी सोडताना मी डॉक्टरांना सरळ विचारलं, यंत्र पुन्हा कधी लावायचं? मला मोघम उत्तरं चालत नाहीत. ते म्हणाले, "वरचे टाके भरले म्हणजे आतून भरलं असं नव्हे. आत आधाराला जाळी बसवली आहे. शिवाय तिथली कातडी पुष्कळ दिवस बधिर राहते, चटका बसला तरी कळत नाही. चार-सहा महिने तरी पोटाला कुठलंही यंत्र नको. नंतर मला दाखवायचं, मी हो म्हणेन तेव्हाच."

जावेनं बोटांवर महिने मोजले आणि तिचा चेहरा पडला. "म्हंजे लगीन हुकलं की, अक्का!"

"लग्न नाही हुकलं. पट्टा हुकला."

घरी तिला बघायला माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण मटणाची आळणी नाहीतर डिंकाचे लाडू घेऊन येई. रोग्याला ताकद यावी म्हणून बिनतिखटाचं ते पाणी वाटी-वाटीनं तिच्या पोटात गेलं आणि पोट दिवसागणिक तरारलं. तेव्हा आमच्या सासूबाईंनी, ज्यांना आम्ही आत्ती म्हणत असू, प्रकरण हातात घेतलं.

"बाळंतिणीचं पोट आपण लगीच बांधतो का न्हाय?" आत्तींनी विचारलं.

"व्हय," जमलेल्या बायका म्हणाल्या.

"खाली शेगडी ठेवून शेक बी देतो. शेकानं वात जातो, पोट आत जातं. आन् त्या पट्ट्यात दोनी गोष्टी हायती, बांधणं बी आन् शेक बी. मग अडलंय कुठं?"

मी म्हटलं, "आत्ती, बाळंतपण वेगळं, हर्निया वेगळा. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय."

"डॉक्टर बाप्या माणूस, त्यानं कधी पोट बांधून घेतलंय? तू इंग्रजी शिकलीस बाई, पर ह्या घरातली पोटं मी बांधलीत."

निकाल लागला. मी एकटीच विरोधात होते आणि माझं पोट बांधलेलंही आत्तींनीच, त्यामुळे माझ्या मताला फारशी किंमत नव्हती.

मला ब्लाउजचं माप द्यायला जाते असं सांगून जाऊ सेंटरला गेली. पुढचं सगळं तिनंच नंतर रडत सांगितलं. मुलीनं विचारलं, "मधे काही ऑपरेशन वगैरे?" ही म्हणाली, "न्हाय ग, जरा टाकं घातल्यात." मुलीनं पट्टा लावला. हिला काही जाणवेना. "तुमचा पट्टा बिघडलाय की. वाढवा जरा." मुलीनं वाढवला. "अजून वाढवा."

रात्री पातळ सोडताना बेंबीखाली मोठा फोड दिसला.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फोड पाहिला आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं होतं?"

"सासूबाईंनी. लई बाळंतपणं केलीत त्यांनी."

"मग आता ड्रेसिंगलाही त्यांच्याकडेच जा."

जाळी वाचली, हे नशीब. पण जखम लग्नापर्यंत ओली राहिली. तिथं निऱ्या खोचणं अशक्य, म्हणून पैठणी पार छातीखाली सैल गुंडाळली. त्यातून पोट असं काही पुढे आलं की तसं ते आधी कधीच आलं नव्हतं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. वरमाईचे पाय धुवायला माझी रवानगी झाली, आणि नवरीची आई एक हात पोटावर धरून खुर्चीत बसून राहिली.

बिद्रीच्या बायका हे सगळं पाहत होत्याच. जेवणं झाल्यावर विहीण आपल्या बहिणीला घेऊन आली आणि जावेच्या कानाशी वाकली. कानाशी वाकूनही ती बिद्रीचीच. तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकू आलं.

"विहीणबाई, कितवा चालू हाय ओ?"

जावेनं पोटावरचा हात चटकन काढला.

"लाजताय कशापायी? द्येवाची देणगी. आमच्या सुनंला भाऊ यील की!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जावेनं माझा दंड घट्ट धरला. खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की तुमच्यापेक्षा बारीक दिसायला गेले आणि पोट भाजून आले? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या उसासारख्या बाईकडे पाहिलं. मग मान खाली घालून, गालातल्या गालात हसत, तिनं पदर पोटावर ओढून घेतला.