व्याह्यांचा व्हिसा

जगातल्या कुठल्याही देशाचा व्हिसा एक वेळ मिळेल, पण आमच्या व्याह्यांचा मिळणं कठीण. वास्तविक नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागतच नाही. मतदानाचं ओळखपत्र दाखवलं की माणूस चालत पलीकडे जातो. हे मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं. तेव्हा साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे जसं पाहायला हवं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नेपाळला लागत न्हाई ओ पावणं. मला लागतोय."

माझी मुलगी विट्याला दिली आहे. तिचे सासरे म्हणजे हे व्याही. विटा-खानापूरकडची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं. त्या भागातलं पोरगं मिसरूड फुटायच्या आत भारताच्या कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन भट्टीसमोर बसतं. व्याहीही तसेच बसले, केस पिकल्यावर दुकान मुलाच्या ताब्यात देऊन गावी परतले आणि तेव्हापासून दर वर्षी द्राक्षं उतरली की पशुपतिनाथाची सहल काढतात. धंदा म्हणून नाही. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "गाडी फिरती ठिवावी लागती."

सहलीला यायचं असेल, तर आधी त्यांच्या ओसरीवर मुलाखत. लोखंडी खुर्चीवर उमेदवार, समोर सुपारी कातरत व्याही, आणि आतून विहीणबाईंचं लक्ष. पहिला प्रश्न, "बसून झोप येती का?" येते म्हटलं की, "मग झोपा." नुसतं बोलणं चालत नसे, झोपून दाखवावं लागे. तासगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक त्या खुर्चीत असे गाढ झोपले, की विहीणबाईंनी त्यांच्या अंगावर चादर घातली आणि पुढच्या उमेदवारांच्या मुलाखती अंगणात घ्याव्या लागल्या. त्यांना व्हिसा तिथल्या तिथे मिळाला. दुसरा प्रश्न भाताचा. भाकरीवाचून किती दिवस निघतील? शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच असे, आणि तो विचारताना सुपारी कातरणं थांबे. "परत आल्यावर पयलं कुणाला सांगनार?" बायकोला, नातवाला, शेजाऱ्याला, अशी उत्तरं येत. एका विधवा शिक्षिकेला काही सुचेना. व्याही म्हणाले, "मग मला येऊन सांगा. म्या ऐकतो." आणि त्यांनी खरोखर दोन दुपारी बसून ऐकलं.

माझा अर्ज तीनदा फेटाळला. पहिल्यांदा मी म्हणालो, गाडीत वाचत बसेन. "पावणं, गाडीत वाचनारा मानूस वकतो." दुसऱ्या वर्षी मी बसून झोपलो, पण घोरलो. तिसऱ्या वर्षी कारण दिलं नाही. मुलाकडची बाजू असल्यामुळे मी विचारलंही नाही.

प्रवासाची आखणी हा त्यांचा खरा प्रांत. जावयाने एकदा मोबाईलवर जवळचा रस्ता काढून दाखवला. व्याह्यांनी मोबाईल लांब धरून नीट पाहिला आणि विचारलं, "ह्या रस्त्यावर आपलं कोन हाय?"

"कुणी नाही, पण ऐंशी किलोमीटर वाचतात, दादा."

"वाचल्यालं ठिवायचं कुठं?"

त्यांचा रस्ता गलाईच्या दुकानांवरून जातो. नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर. प्रत्येक मुक्कामाला खाली भट्टी, वर बिऱ्हाड, आणि जिन्यात खानापूर तालुक्यातली एखादी सून कपाळापर्यंत पदर घेऊन उभी. हॉटेल म्हणजे अपमान. त्या बदल्यात गाडीत प्रवाशांच्या पायांखाली ज्वारीच्या पिठाची पोती, शेंगदाण्याची चटणी, बेदाणे, हळद आणि कुणाकुणाच्या आयांनी पाठवलेल्या गोधड्या. आपण सहलीला निघालो आहोत की टपालात पडलो आहोत, हे प्रवाशांना नागपूरपर्यंत कळत नाही. एका वर्षी जबलपूरचं दुकान हललं होतं आणि ते यांना सांगायचं राहिलं होतं. गाडी नेहमीच्या दारात लागली, माणसं नेहमीप्रमाणे जिना चढली आणि पोती वर गेली. तिथे आता चपलांचं दुकान होतं. मालक जबलपूरचाच. त्याने थोडा वेळ पाहिलं, मग बायकोला हाक मारून पीठ मळायला सांगितलं. तो अजून दिवाळीला व्याह्यांना फोन करतो.

एक खोड मात्र सगळ्यांना जाच करायची. यायचा माणूस आल्याशिवाय गाडी हलत नसे. मिरजेचे एक तंबोरे बनवणारे चाचा येणार होते. गाडी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. ऊन चढलं, मुलं रडायला लागली, ड्रायव्हर खाली उतरून दुसऱ्यांदा चहा पिऊन आला. चाचांच्या पुतण्याने येऊन सांगितलं, ताप आहे, ते येत नाहीत. व्याही म्हणाले, "त्यास्नी सोता सांगू दे." मग स्वतः घरात गेले, पलंगाशेजारी बसले आणि चाचांनी "तुम्ही निघा, दादा, माझ्यासाठी थांबू नका," असं म्हटल्यावरच बाहेर आले. गाडीत बसल्यावरही दोनदा मागे वळून पाहिलं.

आणि एवढं सगळं करून हा माणूस कधी नेपाळला गेला नव्हता. सोनौलीला सरहद्दीवर गाडीच्या प्रवेशाची कागदपत्रं करून द्यायची, प्रत्येकाचं ओळखपत्र तपासायचं, कमानीपर्यंत चालत यायचं आणि हात वर करायचा. मग गाडी परत येईपर्यंत ते तिथल्या एका चहावाल्याच्या बाजेवर बसून राहत. परतताना प्रवासी त्यांच्यासाठी एक पुडकं आणत. बुटवलला, सरहद्दीपासून तासाभराच्या अंतरावर, एक म्हातारा गाडीची पोती उतरवून घ्यायचा आणि म्हणायचा, "तिकडं जो बसलाय त्याला द्या." पुडक्यात दर वर्षी एक नेपाळी टोपी. व्याही विचारत, "कुनी दिली?"

"एका म्हाताऱ्यानं."

"असंल कोनतरी," असं म्हणून टोपी डोक्यावर. ती पुढच्या टोपीपर्यंत उतरत नसे. विट्याच्या वैशाखात, डांबर पाघळत असताना, हा माणूस जाड टोपी घालून बाजारातून फिरे. कुणी म्हटलं, "दादा, नेपाळ बघून आला वाटतं?" तर म्हणत, "न्हाई गड्या, नेपाळच माज्याकडं येतंय."

ते पलीकडे का जात नाहीत, यावर विट्यात आणि साताऱ्यात बरंच बोललं गेलं. सोन्याचं जुनं प्रकरण आहे, तिकडच्या पोलिसांकडे नाव आहे, असं अजूनही बोललं जातं. नातवाच्या बारशात चार माणसांना हसवायला मीच तसं काहीसं बोललो होतो. पुढे तेच वाक्य एका लग्नात मला अनोळखी माणसाने खात्रीशीर माहिती म्हणून सांगितलं, आणि मी मान हलवली. ते आता इथे नीट करून ठेवतो.

खरं काय ते मला विहीणबाईंनी सांगितलं. मुलीच्या बाळंतपणानंतर मी विट्याला गेलो होतो. त्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी सहज म्हणालो, व्याह्यांनी एकदा तरी पशुपतिनाथ पाहायला हवा. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

"आवं पावणं, बुटवलला त्यांचा थोरला भाऊ हाय. दुकान हाय त्येंचं तिथं. सासूबाई गेल्या तवा भावजी तिकडनं निगालं हुतं. आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, म्हंजे हेच देनार. पर थोरल्यानं तोंड बगायचं का न्हाई? तिकडं बंद लागला, गाड्या न्हाईत. कुठं ट्रक, कुठं चालत. हितं मानसं म्हनाली, आता किती थांबायचं, उन्हाळ्याचं दिवस. ह्यांनी उरकून घेतलं. भावजी दारात आलं तवा राख बी सावडून झालेली."

"मग?"

"हे म्हनालं, 'उशीर केलास.' भावजी म्हनालं, 'गाडी मिळंना.' आन् पानी बी न पिता माघारी वळलं. झालं. तेवडंच बोलनं." भाकरी फुगली होती. त्यांनी ती उतरवली. "पीठ मातुर दरसाल जातंय."

त्यानंतरच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. या वेळी मुलाखत झाली नाही. व्याही एवढंच म्हणाले, "चला. आता तुमचं बी वय झालं." सत्तरी उलटल्याचा मला झालेला हा एकमेव फायदा.

सोनौलीला आम्ही सकाळी पोचलो. कागदपत्रं झाली, ओळखपत्रं तपासून झाली. व्याही कमानीपर्यंत आले आणि हात वर केला. मी गाडीतून उतरलो. काय करायचं ते ठरवून आलो होतो असं नाही. चहावाल्याची बाज ओढली, त्यावर बसलो आणि समोरचं स्टूल दाखवलं.

"बसा. तुमचा व्हिसा काढायचाय."

"पावणं, चेष्टा नगं."

"बसून झोप येते का?"

गाडीतल्या माणसांनी खिडक्या उघडल्या. व्याही अवघडून बसले. "दरसाल हितंच बसून झोपतोय की," म्हणाले.

"भाताचं कसं?"

"चालतंय."

"परत आल्यावर पहिलं कुणाला सांगणार?"

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. ज्यांना सांगायचं त्या त्यांच्या आई आता नव्हत्या, हे मला विचारल्यावर सुचलं. मग ते म्हणाले, "तुमाला सांगू म्हनलं तर तुमी संगंच हाय." आणि उठून, कुणाकडे न बघता, गाडीत पिठाच्या पोत्यावर जाऊन बसले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "यायचा माणूस आलाय. चला."

बुटवलचं दुकान रस्त्यालाच होतं. म्हातारा नेहमीप्रमाणे पोती उतरवून घ्यायला पुढे आला. पहिलं पोतं खाली आलं, आणि त्याच्या मागून व्याही. दोघांचं नाक एकच होतं. म्हाताऱ्याने हातातलं पोतं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले आणि म्हणाला,

"उशीर केलास."

व्याही खाली बघत म्हणाले, "गाडी मिळंना."

आम्ही पंचवीस माणसं गाडीत बसून होतो, ऊन होतं, आणि काठमांडू अजून लांब होतं. कुणीही हॉर्न वाजवायला सांगितला नाही. आतून एक नेपाळी म्हातारी तांब्या घेऊन आली. तो व्याह्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच उभ्याने संपवला.

पशुपतिनाथ आम्ही पाहिला. व्याह्यांनी नाही पाहिला, ते बुटवललाच राहिले. परतताना त्यांना घेतलं, तेव्हा थोरले गाडीशी आले आणि खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. गाडी सुटल्यावर हात आपोआप निघाला. विट्याला आल्यावर व्याह्यांनी कुणाला काहीच सांगितलं नाही. सोन्याच्या गोष्टीवर मी काही बोलू का, असं विचारलं तर म्हणाले, "असू द्या ओ. लोकांस्नी सोन्याचीच बरी वाटती."

यंदा वैशाखात गेलो, तर ओसरीवर उघड्या डोक्याने सुपारी कातरत बसले होते. टोपी मागे खुंटीवर.

"टोपी का काढली?" मी विचारलं.

त्यांनी मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "उकडतंय की, पावणं."