तिसऱ्या अंकानंतर

लोणावळ्यात नाटककार राहतो हेच मुळात कुणाला पटत नाही. त्यात तो तेलुगू होता म्हटल्यावर लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. पण ते आमच्या शेजारी वीस-बावीस वर्षं राहिले. रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर गावी परत जावं असं तिकडे काही उरलं नव्हतं, म्हणून इथेच थांबले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळी आळी त्यांना आबा म्हणायची, मीही.

त्यांचं गाव गोदावरीच्या मुखाशी, नारळांच्या मुलखात. थोरल्या बहिणीचं लग्न हुंड्यापायी तीनदा मोडलं. चौथ्यांदा जमलं तेव्हा नवरा तिच्या बापाच्या वयाचा होता. दोन वर्षांत ती माहेरी आली आणि मग माजघरातून बाहेर पडलीच नाही. तिच्यासाठी आबांनी तरुणपणी नाटक लिहिलं. तिकडच्या मंडळ्यांना नाटकात पद्यं लागत, आपल्या संगीत नाटकासारखी. पेटी, ताना आणि वर वन्स मोअर. आबांनी एकही पद्य घालायला नकार दिला. वन्स मोअर मागणारा माणूस ऐकत नसतो, चाखत असतो, असं ते म्हणायचे. मंडळ्यांनी नाटक साभार परत केलं. पुढे विधवेचं, विहिरीवर पाणी नाकारलेल्यांचं, देवाला सोडलेल्या मुलीचं अशी बरीच नाटकं त्यांनी लिहिली, रेल्वेच्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या पाठांवर. सगळी ट्रंकेत पडून होती.

हुंड्याचं नाटक मी मराठीत आणलं. मला तेलुगूचं अक्षरही येत नाही. आबा एकेक वाक्य वाचायचे, मोडक्या मराठीत अर्थ सांगायचे आणि मी ते नीट करून लिहायची. वर्षभर दुपारी हाच उद्योग. आपण मोठं समाजकार्य करतो आहोत असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर शाळेतून निवृत्त झाल्यावर माझी दुपार जाता जात नव्हती.

नाटक तीन अंकी. दुसऱ्या अंकात देण्याघेण्याची बैठक. तिसऱ्यात लग्नमंडप, अंतरपाट धरायच्या आधी मुलगी उठते आणि निघून जाते. आबांची अट एकच होती. मुलीने विंगेत जायचं नाही, प्रेक्षकांच्या मधून चालत मंडपाबाहेर जायचं. तिच्या मागे एक तरी मुलगी उठली पाहिजे, मग नाटक फळलं, असं ते दर प्रयोगाआधी म्हणायचे. त्यांना आयुष्यात दुसरं काही हवं होतं असं मला कधी दिसलं नाही.

मुलीचं काम टाकवे बुद्रुकची माझी एक जुनी विद्यार्थिनी करायची. तिचे वडील कंपनीची बस चालवायचे. ते मुलीला तालमीला सोडायला यायचे, म्हणून त्यांना नवऱ्याच्या मामाचं काम दिलं, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण त्या माणसाच्या अंगात नटच होता. बैठकीत मामा म्हणतो, आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या. मग जरा थांबून म्हणतो, आता नारळ काय हातात धरून चालत न्यायचा? गाडी लागणार. गाडी काय रस्त्यावर उभी करायची? जागा लागणार. नारळ फोडायला देवघर नको? असं करत करत तो नारळ घर, दागिने, फ्रीज, सगळं गिळतो. आबांनी हे रडत लिहिलं होतं. टाकव्याच्या जत्रेत लोक हसून हसून गडबडा लोळले आणि मागून कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर.

आबा विंगेत खुर्चीवर बसले होते. त्यांनी नुसती मान खाली घातली.

पुढे गावोगाव तेच. बैठक झाली की निम्मे लोक उठायचे, मुलगी चालत निघायची ती रिकाम्या खुर्च्यांमधून. मग आयोजक तेवढाच प्रवेश मागायला लागले. आबा नाही म्हणत होते, त्यांना मी राजी केलं. लोकांपर्यंत निदान तेवढं तरी पोचतंय, असं मीच समजावलं. मग गणपतीत, कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात, कुणाच्या निवृत्तीच्या जेवणात नारळाचा प्रवेश होऊ लागला. आमच्या नाटकाचं चिक्कीच्या पाकिटासारखं झालं, येता-जाता तोंडात टाकायला. टाळ्या मलाही आवडत होत्या, हेही लिहून ठेवते.

मग त्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा वराळ्याचा. तिकडे शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्यापासून घरात पैसा खेळता. याद्या करायच्या बैठकीला, म्हणजे कुणी काय द्यायचं ते कागदावर लिहायच्या दिवशी, तिच्या वडिलांनी मला आणि आबांना आग्रहाने बोलावलं. मी दबकत विचारलं, काही मागणं वगैरे आहे का. ते म्हणाले, "न्हाई हो बाई. लय चांगली मान्सं हायत. आपलं नाटक बघितलंय त्यांनी."

चहा झाल्यावर नवऱ्याकडच्यांनी हट्टच धरला की तो नारळाचा प्रवेश होऊ द्या. वडिलांनी आढेवेढे घेतले आणि उभे राहिले. त्या दिवसासारखं काम त्यांनी कधी केलं नसेल. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. संपल्यावर मुलाच्या खऱ्या मामांनी डोळे पुसले, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "चला पाव्हनं, मग नारळापास्नंच सुरवात करू."

सगळे पुन्हा हसले. वडीलही हसले. मामांनी गाडी म्हटलं, त्यांनी मान डोलावली. मामांनी जागा म्हटलं, तेव्हा त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. स्वतःच्याच तोंडची वाक्यं, नाही कसं म्हणणार? कागद भरत गेला, अगदी नाटकाच्या क्रमाने. मुलगी भिंतीपाशी पाटावर बसली होती. आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती उठली नाही. मग आबाच खाली बसले.

निघताना चपला घालता घालता आबांनी तिला विचारलं, का उठली नाहीस. विचारायला नको होतं. ती चिडली नाही, रडली नाही. हिशेबातली चूक दाखवावी तशी म्हणाली, "आबा, तिसऱ्या अंकात मी उठून जाते. पन पुढं कुटं जाते, ते तुमी लिवलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी रजिस्टर उघडलं आणि चौथा अंक लिहायला घेतला. मुलगी रस्त्यावर येते, एवढं लिहून झालं. ती माहेरी जाते, तर बाप मंडपात तोंड लपवून बसलेला. मैत्रिणीकडे जाते, तर मैत्रिणीची सासू दारात. पोलिसांकडे पाठवून बघितली आणि ते पान त्यांनी स्वतःच फाडलं. दोन वर्षं हे चाललं. मी रोज विचारायची, आज कुठवर आली? ते म्हणायचे, रस्त्यावरच आहे.

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला सांगितलं की बहीण परत आली तेव्हा दार त्यांनीच उघडलं होतं. तिच्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी त्यांनी तिला विचारलं होतं, किती दिवस राहणार? एवढं सांगून ते भिंतीकडे वळले. आठवड्याभरात गेले. सगळी नाटकं त्या एका प्रश्नाची भरपाई होती, आणि ती पुरली नाही. ट्रंक आता माझ्याकडे आहे. ती उघडायचा मला धीर होत नाही.

गेल्या पावसाळ्यात, एका रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला ती मुलगी माझ्या दारात आली. स्टेशनवरून चालत, खांद्याला एक पर्स, बाकी काही नाही. डाव्या मनगटावर सूज होती. मी तिच्याकडे बघत राहिले, तर तीच म्हणाली, "बाई, मी उठून आले."

मी विचारलं, घरी सांगून आलीस का?

माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. आबांची गोष्ट मला माहीत होती, तरी निघालं. तिला आत घेतलं, चहा टाकला. तिने सांगितलं की तळेगावात नोकरी बघितली आहे, महिना-दोन महिने डोकं टेकायला जागा हवी, वरची खोली रिकामी आहे का? ती खोली मी शनिवार-रविवारी पर्यटकांना देते. म्हटलं, माणसं उतरली आहेत गं. खोटं नव्हतं. माणसं संध्याकाळी जाणार होती, तेवढं मी सांगितलं नाही.

ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी तिच्या वडिलांना फोन केला. मी घाबरले होते. वराळ्याची माणसं दारात उभी राहतील, आरडाओरडा होईल, या वयात पोलीस चौकीच्या पायऱ्या चढाव्या लागतील. मला कुणी अडवलं नव्हतं. माझा नवरा घरात नव्हता, असता तरी तो काही बोलला नसता. हे माझं मीच केलं.

भुशी धरणावरच्या गर्दीमुळे रस्ते तुंबले होते, वडिलांना पोचायला दोन तास लागले. दोन तास पुष्कळ असतात. अडचणीतल्या बायकांसाठीचा मदतीचा नंबर मी स्वतः शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवला होता, मुलींकडून पाठ करून घेतला होता. तो मी फिरवला नाही. तिला पोहे केले, खा म्हटलं, वर लिंबू पिळून दिलं. तिने सगळे खाल्ले. मग सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, पुष्कळ दिवसांत झोप न मिळाल्यासारखी.

बेल वाजली तेव्हा तिने डोळे उघडले. दारात वडील, रेनकोटातून पाणी निथळतंय. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे एकदाच, आणि पर्स उचलली. वडिलांनी तिला दटावलं नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जावयाला आपण समजावू, असं काहीतरी म्हणाले. ती पायऱ्या उतरून गाडीपाशी जाऊन उभी राहिली. ती अजून वराळ्यालाच आहे.

वडील मागे थांबले. त्यांचे डोळे भरले होते. मला हात जोडून म्हणाले, "लय उपकार झाले बाई. पोरगी हितं आली म्हनून बरं. दुसऱ्या कुनाच्या दारात गेली असती, तर मला कुनी फोनबी केला नसता."

मी म्हटलं, अहो, त्यात काय एवढं.