फोनवरची शीळ

कुणी उगाच शीळ घातली की आजही माझं डोकं सटकतं. घरात तर मी कुणाला घालूच देत नाही. नवरा म्हणतो, एवढ्याशा गोष्टीचा काय राग धरायचा! त्याला काय जातंय बोलायला. त्या दिवशी त्या ऑफिसात मी उभी होते, तो नव्हता.

आमचे आप्पा मोतद्दार होते. नाशिकच्या बाहेर घोडेस्वारीचं एक केंद्र होतं, तिथे घोड्यांची निगा राखायची नोकरी. खरारा, दाणापाणी, लीद काढणं, सगळं. मूळचे इगतपुरीकडचे. लहानपणी भातखाचरांच्या कडेनं बैल राखलेले. बैल पाण्यावर नेला की शीळ घालायची, म्हणजे तो पोटभर पितो आणि मोकळाही होतो, ही तिकडची रीत. आप्पांनी तीच घोड्यांना लावली. खाली पेंढा पसरायचा, मानेवर हात ठेवायचा आणि एका सुरात बारीक, लांब शीळ घालायची. घोडा पाय फाकवून मोकळा व्हायचा. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. पण घोड्यानं लघवी तुंबवली की त्याचं पोट धरतं, आणि घोड्याचं पोटदुखणं जिवावर बेततं.

त्यांच्याकडे एक पंचकल्याणी घोडा होता, चारही पाय आणि तोंड पांढरं. शिंगरू असल्यापासून आप्पांच्या हातचा. अडथळ्यांवरून असा जायचा की बघत राहावं. खोड एकच. परक्या जागी आप्पांच्या शिळेशिवाय तो मोकळा होत नसे. त्यामुळे पुण्याला स्पर्धा असो की दिल्लीला, आप्पा बरोबर असायचेच.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आशियाई स्पर्धेसाठी या घोड्याची निवड झाली आणि मोतद्दार म्हणून आप्पांचं नाव यादीत आलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पासपोर्टचा फॉर्म मीच भरला. चौकशीला पोलीस आला तेव्हा इंदिरानगरजवळच्या आमच्या वस्तीत गर्दी जमली. ‘काय गं, काय केलं तुझ्या आप्पांनी?’ मी म्हटलं, ‘काही नाही, विमानानं परदेशी चाललेत!’ संघाच्या ब्लेझरसाठी शिंप्यानं आप्पांचं माप घेतलं. तोवर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घातले होते.

परदेशी जाणाऱ्या घोड्याला आधी महिनाभर इतर जनावरांपासून वेगळं ठेवतात, रोगराई नको म्हणून. आप्पा तिथेच राहिले, एकदाही घरी आले नाहीत. मी फाटकावर डबा ठेवायची आणि लांबून हात करायची. ते घोड्याच्या आडून हात हलवायचे.

निघायला आठ दिवस राहिले आणि यादी बदलली. आप्पांच्या जागी संघाबरोबर जाणाऱ्या एका साहेबांचा भाचा! याचा आणि घोड्याचा संबंध लग्नाच्या वरातीपुरता. साहेब आप्पांना म्हणाले, ‘तुला इंग्रजी येत नाही, तिकडे अडचण होईल. भाच्याला सगळं शिकवून ठेव.’ घोड्याला कधीपासून इंग्रजी यायला लागलं, असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं. मी असते तर विचारलं असतं.

आणि आप्पांनी शिकवलं हो! खरारा कसा करायचा, पायांच्या पट्ट्या किती आवळायच्या, सगळं. शिळेपाशी आल्यावर भाचेसाहेब फिदीफिदी हसले. ‘घोड्याला शू करवायला मी शिट्टी मारू?’ आप्पांनी हात जोडले. ‘तेवढं शिका साहेब. बाकी नाय जमलं तरी चालंल.’ हात जोडले! कुणापुढे, तर त्या टिनपाटापुढे. हे कळलं त्या दिवशी मी फाटकावरच थांबून आप्पांना हाक मारली. मी म्हटलं, ‘आप्पा, वरती तक्रार करा. मी लिहून देते, तुम्ही नुसती सही करा.’ ते म्हणाले, ‘कशाला बाई, साहेब लोक हायेत ते.’

घोडा गेला. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी केंद्रातला शिपाई सायकल दामटत वस्तीत आला. आप्पांची सुट्टी होती. ‘आत्ताच्या आत्ता ऑफिसात बोलावलंय.’ आप्पांचा चेहराच उतरला, म्हणून मीही बरोबर गेले. क्लार्कनं फोनचं बटण दाबलं आणि साहेबांचा आवाज खोलीभर घुमला.

‘अरे, घोडा मोकळाच होत नाहीये. विमानात नाही, इथेही नाही. पोट दगडासारखं झालंय. औषध द्यावं तर स्पर्धेत चालत नाही. उद्या डॉक्टर तपासतील आणि बाद करतील. तुझी ती शीळ घाल बघू. मी मोबाइल त्याच्या कानाशी धरतो.’

मी आप्पांचा हात धरला. हळू नाही, पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, ‘नका घालू, आप्पा. भाच्याला म्हणावं, घाल आता!’ क्लार्कनं डोळे वटारले. आप्पांनी माझा हात सोडवला आणि फोनमध्ये विचारलं, ‘साहेब, खाली पेंढा टाकलाय ना?’

नव्हता टाकलेला. तिकडे पळापळ झाली. मग आप्पा म्हणाले, ‘कुणीतरी मानेवर हात ठेवा त्याच्या.’

टेबलासमोर खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आप्पा उभेच. ओठ कोरडे पडलेले, पहिल्यांदा नुसती हवाच गेली. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, डोळे मिटले आणि डावा हात वर धरला, घोड्याच्या मानेच्या उंचीला. मग शीळ घातली. किती वेळ घातली, मला सांगता येणार नाही. क्लार्क तोंडावर रुमाल धरून हसत होता. एकदम पलीकडून आरडाओरडा झाला, ‘झालं! झालं!’ सगळे खदाखदा हसले आणि फोन कट. शाबास नाही, काही नाही.

घोडा स्पर्धेत उतरला. पदक नाही मिळालं, पण पेपरात फोटो आला. लगाम धरून भाचेसाहेब उभे. अंगात आप्पांच्या मापाचा ब्लेझर, बाह्या मनगटाच्या पार वर चढलेल्या. तो फोटो बघून माझा तोल गेला. मी पेपर आप्पांच्या पुढ्यात आपटला. ‘तुमच्या जिवावर मिरवतायत हे! सगळे हसत होते तुम्हाला. जराही लाज नाही वाटली?’

‘वाटली ना,’ आप्पा म्हणाले.

त्यांनी पेपर स्वतःकडे ओढला.

‘शीळ ऐकून त्यानं मान वळवली असंल गं. मला शोधलं असंल. आन मी नव्हतोच तिथं.’ त्यांनी फोटोतल्या घोड्यावर हात ठेवला. ‘आजवर त्याला कधी फसवलं नव्हतं मी.’

जागा गेली, कोट गेला, तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस त्या पेपरावर ढसाढसा रडला. फसवलं कुणी आणि रडत होतं कोण! मला वाटलं, जाऊन त्या ऑफिसातला फोन फोडून टाकावा.

पुढे घोडा परत आला. निवृत्त होईपर्यंत आप्पांनीच त्याची निगा राखली. पण शीळ पुन्हा घातली नाही. पेंढा पसरायचे, मानेवर हात ठेवायचे आणि तो मोकळा होईपर्यंत नुसते उभे राहायचे, कितीही वेळ लागला तरी.