जैनीबाईच्या नावाचं पोलाद

रैनूला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मुंबईच्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं एक पान फोनवर पाठवलं. ‘शीर्षक नाही. अमूर्त शिल्प, पोलाद, उघड्यावर मांडण्याजोगं.’ खाली रैनूचं नाव. फोटो मोठा करून पाहिला आणि डोकंच फिरलं. एकमेकांना टेकलेले ते तीन वाकवलेले जाड पत्रे... रैनूनं बायकोच्या आठवणीसाठी गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभे केलेले! म्हटलं, हे काम विनोदचंच, रैनूच्या पोराचं. बाप जाऊन चार दिवस होत नाहीत तोच हा आईला विकायला निघाला. रैनू गेला तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी अंथरुणावर होतो, माती द्यायलाही जाता आलं नाही. आता मात्र तसाच काठी टेकत एटापल्लीची बस धरली.

संशय घेणं हा माझा जुना आजार. जन्मभर चित्रकला शिकवली, पण निम्मा वेळ हे चित्र पोरानं स्वतः काढलं की मोठ्या बहिणीकडून काढून आणलं, हेच तपासण्यात गेला. रैनूवरही पहिल्या भेटीत संशयच घेतला होता. आमच्या आश्रमशाळेच्या फाटकाचं वेल्डिंग करायला तो आला होता. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या तुकड्यांतून त्यानं असं काही जोडून ठेवलं, की मी दरडावूनच विचारलं, “कुठं पाहून केलंस?” तो हसला. “पाहून काऊन करू, गुरुजी? लोखंडच सांगते ना, मले इकडे वाकव म्हणून.” पुढं तो गडचांदूरला फॅब्रिकेशनच्या कामावर लागला. आठवडाभर ग्रिल आणि शटर, सुट्टीच्या दिवशी हे. त्याची शिल्पं नागपूरच्या प्रदर्शनात नेली ती मी, आणि तिथं मिरवलोही मीच. खोटं कशाला बोलू?

रैनू माडिया आदिवासी. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड गावाबाहेर उभा करतात. त्याची बायको जैनीबाई गेली तेव्हा तो दगड शोधायला निघाला होता. मीच अडवलं. “अरे, दगड काय कोणीही उभा करतो! तू एवढा कलावंत, तू पोलादात कर.” त्यानं खांद्यावरची पहार खाली ठेवली... मग “बरं, गुरुजी” म्हणाला.

गावात पोचलो तर मोहाखालची जागा खरंच रिकामी. विनोद “या, बसा” म्हणेपर्यंतही दम निघाला नाही मला. “आईला विकलंस का रे?”

तो चिडला नाही. “आई तिथी कधी नव्हतीच, गुरुजी. म्हातारे म्हणे, लोखंडात माणूस राहात नाई. तरी बाबा रोज तिथी जाऊन बसे. मंग एक दिवस म्हणे, तुई आई काई येऊन नाई राह्यली. मंग दगड आणला. लोखंड त्यानंच देल्लं लिलाववाल्याले, जिता असतानी. मागच्या महिन्यात नेलं त्याईनं. बाबाची सही आहे, दाखवू?”

“आणि मला का नाही सांगितलं?”

“तुमाले वाईट वाटन म्हणे.”

म्हणजे मी जायचो तेव्हा तो मला न चुकता त्या पोलादापाशी न्यायचा, हात जोडायचा, ते माझ्यासाठी! साऱ्या जगावर संशय घेतला मी, आणि ज्यानं मला खरंच फसवलं त्याच्यावर एकदाही नाही... रडू आलं. लाज वाटली, तरी आलं.

विनोदनं मला दगडांकडं नेलं. जैनीबाईचा दगड कमरेएवढा, ओबडधोबड. शेजारी एक आडवा पडलेला. “हा बाबाचा. तुमच्यासाठीच थांबलो होतो. सांगून गेला, उभा करतानी गुरुजीचा हात लागू द्या.”

गावातली माणसं जमली. सगळ्यांनी मिळून दगड उचलला, मी काठी टाकून हात लावला. खड्ड्यात माती भरली गेली. दगड जरासा डावीकडं कलला होता. सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं.