केळकरांनी पिळलेल्या स्प्रिंगा

पुढचं चाक हवेत गेलं आणि मला नुसतं आभाळ दिसायला लागलं. सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या कालव्यावरच्या पुलाचा चढ, बॅटरीच्या स्कूटरवर मी आणि सीटमागच्या पिशवीत दहा किलो कणीक. मागून चालत येणारे केळकर धावले आणि पुढच्या टोपलीवर पोटावर आडवे पडले. चाक खाली आलं. तसेच पडून त्यांनी विचारलं, "वहिनी, वजन किती सांगितलं होतंत?"

"अठ्ठावन्न."

"आणि खरं?"

"आधी उठा. लोक बघतायत."

केळकर आमच्याच ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. पुण्यात स्कूटरच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी स्प्रिंगा नि शॉकअप बसवले. इथे आले तरी हात गप्प बसेनात. समोर येईल ते तळव्याने दाबून सोडायचे आणि किती वेळा उसळतं ते बघायचे. बाबागाडी, सोफा, काहीही. "एकदा उसळून थांबायला हवं. तीनदा नाचली तर ढिली." सुनेने नवी गादी आणली तेव्हा ते दिसताच तिने बेडरूमचं दार लावून घेतलं.

स्कूटर माझे गुडघे गेल्यावर मुलाने आणली, दोन हजार पाचच्या सुमाराला. बजावलं होतं, एकदा पडलीस तर स्कूटर परत, मग कामवाली बरोबर असेल तरच खाली जायचं. मला बाजारात कुणाची सोबत खपत नाही. म्हणून स्कूटर केळकरांना दाखवली. मागच्या स्प्रिंगांच्या कड्या बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे पिळायच्या असतात; कमी पिळल्या तर चढावर मागची बाजू दबते आणि पुढचं चाक उचलतं. ते काटा घेऊन आले. परक्या पुरुषासमोर मी काट्यावर चढणार नाही म्हटलं, आणि इथे येताना व्हिसाच्या मेडिकलमध्ये लिहिलेला आकडा सांगितला. त्याला अकरा वर्षं झाली होती.

पुलावरून परतल्यावर ते पुन्हा काटा घेऊन आले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "चढा. चपला, पर्स, छत्री, कणीक, सगळं घेऊन."

"सत्त्याऐंशी," मी म्हटलं.

"कणकेसकट ना? मग ठीक आहे."

कड्या पिळल्या, मला बसवून मागची बाजू किती दबते ते फूटपट्टीने मोजलं, आणि पुन्हा अर्धा फेरा सोडला. "पावसात पुलाच्या फरशा निसरड्या असतात. फार कडक केली तर मागचं चाक जमीन सोडेल."

तेवढ्यात कुणीतरी मुलाच्या कानावर घातलंच. रविवारी तो पुलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, चाक उचललं तर आजच परत करतो."

"काका, तुम्ही लांब थांबा," हे केळकरांना.

केळकर लांब थांबले, पण वाकून माझ्या मागच्या चाकाकडे बघत राहिले. मी कणकेसकट चढले. चाक जमिनीवरच होतं.

"फोन जवळ ठेवत जा," एवढंच मुलगा म्हणाला.

पुढच्या वर्षी केळकर गेले, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. पुलावर आम्ही दोघंही वाचलो होतो. आता त्या दोघांतली मी एकटी उरले आहे आणि त्यांनी पिळलेल्या स्प्रिंगांवर बाजार मी करते.