ख्वाजाभाईंच्या राणीची चाल

शाहू महाराजांच्या अमदानीत कोल्हापुरात मिशीला फार मान होता. तालमीतल्या पैलवानापासून पानं विकणाऱ्या तांबोळ्यापर्यंत जो तो आपापल्या ऐपतीप्रमाणे मिशी बाळगून असे. अशा गावात ख्वाजाभाईंचा ओठ मात्र रोज सकाळी गुळगुळीत होई, आणि खेळ असला की दुपारी पुन्हा एकदा. इलाज नव्हता. ख्वाजाभाई राणी होते.

म्हणजे नाटक कंपनीतली राणी. त्यांचे वडील कंपनीत तबल्याला, थोरला भाऊ प्रधान, चुलता पडदे रंगवायला. मिरजेपासून बेळगावापर्यंत या घराण्याचं नाव काढलं की लोक पानाचा तोबरा थुंकून बोलायला बसत. त्यातही ख्वाजाभाईंचं नाव निघालं की दुसरा तोबरा भरूनच.

रोशनबी ही त्यांची एकुलती एक लेक. इतर मुलींना नेसायला आणि केस बांधायला आया शिकवतात. रोशनबीला ते बापानं शिकवलं. आई सुलतानबी नऊवारी नेसायची ती कामापुरती. ख्वाजाभाई नेसवायचे तेव्हा एकेक निरी पट्टी लावून आखल्यासारखी पडायची.

पोरीला प्रश्न फार. मेलेल्या राजाला शिंक आली तर तो काय करतो? टाळ्या पडत असताना रडणाऱ्या राणीला आतून हसू येतं का? पण सगळ्यांत मोठा प्रश्न होता तो चालीचा.

तिसऱ्या अंकात राणी वनवासात पाणी घेऊन निघायची. काखेत पितळी घागर. तीन पावलं टाकायची, डाव्या अंगाला झोक द्यायचा, थबकायचं, ओठ दाताखाली धरायचा, नजर जमिनीला लावायची, आणि मग पुढं. त्या थबकण्यावर थेटर कोसळायचं. वन्समोर आल्याशिवाय राणीनं चौथं पाऊल टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बायकांच्या बाजूलाही कुजबुज उठायची. वकिलांची झुंबरबाई तर हळदीकुंकवाला जाताना भर रस्त्यात तिसऱ्या पावलाला थबकायची आणि मागून येणारी बाई तिच्यावर आदळायची.

"अब्बा, ही चाल कुणाची उचललीसा?" रोशनबी विचारायची.

"हाय एक. हौदावर बघितलेली."

"पर कोण?"

"राणीला सवाल करत न्हाईत."

मग रोशनबी हौदाच्या पायरीवर जाऊन बसायची आणि पाणी नेणाऱ्या बायकांचे पाय न्याहाळायची. कुणी फेंगडं चालायची, कुणी भरभर, कुणी भांडत भांडत. तिसऱ्या पावलाला थबकणारी एकही सापडली नाही.

ती सतरा वर्षांची झाली तेव्हा गावात फिल्लम काढणारी एक कंपनी निघाली. तिचे मास्तर पिराजी. कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळेना, म्हणून ते ख्वाजाभाईंकडे आले. बसल्या बसल्या त्यांनी ख्वाजाभाईंची हनुवटी उन्हाकडे वळवून बघितली आणि सुस्कारा सोडला.

"स्टेजवर खपतंय वो. पर ह्या यंत्राचा डोळा लई चोंबडा. दाढीची निळाई बी टिपतोय."

"मग मला घ्या की," दाराआडून आवाज आला.

पाव्हणा ख्वाजाभाईंकडे बघतोय, ख्वाजाभाई दाराकडे. बोलली ती सुलतानबी. "बाप राणी झाला तवा कुणाची अब्रू गेली न्हाय. लेक झाली तर काय बिगडतंय?"

ठरलं. आधी पोरीला बघायचं. नाहीच जमलं, तर पावडरीचे दोन थर जास्त चढवून ख्वाजाभाईंनाच उभं करायचं. ख्वाजाभाई नुसतं "बरं" म्हणाले. नाटक कंपनीत त्यांची राणी आता एका कोवळ्या पोराकडे गेली होती आणि त्यांना राजमाता व्हा म्हणून आडून आडून सुचवणं चाललं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या 'बरं'चा नक्की अर्थ काय, हा रोशनबीला आणखी एक प्रश्न झाला.

पहिल्या दिवशी रंकाळ्याच्या काठावर सगळे जमले. आरसे आणि पांढरी कापडं धरून ऊन तोंडावर मारलं होतं. प्रसंग तोच, पाणी आणण्याचा. एकानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला घेतला आणि रोशनबी निघाली. एक, दोन, तीन. झोक, ओठ दाताखाली, नजर जमिनीला. आणि ती उभीच राहिली.

दांडा फिरतोय. फिल्लम चाललीय. रोशनबी उभी.

"अगं चाल की!" मास्तर ओरडले.

"वन्समोर यायचाय."

"कोण देनार? म्हशी?"

रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशींनी खरोखरच माना वळवून बघितलं. पण वन्समोर काही दिला नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पाय तिसऱ्या पावलाला आपोआप रुतायचे. दुपारी मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला.

"बाई चालल्यासारखं वाटंना ग, पोरी. तुझा बा चालल्यासारखं वाटतंय. उद्या सकाळचं ऊन हाय तवर बघतो. न्हायतर ख्वाजाभाई, वस्तरा परजून या."

घरी आल्यावर रोशनबी घागर पुढ्यात घेऊन बसली. उद्या जमलं नाही तर बापाची जागा बापाकडे, आणि आपण पुन्हा दाराआड.

"अब्बा, आता तरी सांगा. कुणाची चाल?"

ख्वाजाभाईंनी चुलीकडे पाहिलं. "तुज्या आम्माची."

सुलतानबी पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं जन्मात नाटक बघितलं नव्हतं. घरात बघतीय ते काय कमी हाय, असं तिचं म्हणणं. "माजी? चालून दावा बगू."

ख्वाजाभाईंनी घागर काखेत घेतली आणि चालले. तीन पावलं, झोक, ओठ दाताखाली.

सुलतानबी आधी बघत राहिली, मग हसायला लागली, मग भिंतीला टेकून खाली बसली. "अवो, लगीन करून आले तवा टाचंत बाभळीचा काटा मोडलेला! पंदरा दिस लंगडत पानी आनलं. नव्या नवरीनं सांगायचं कुनाला?"

वीस वर्षं मिरज ते बेळगाव शिट्ट्या मारत होतं ते एका काट्याला. झुंबरबाई सणासुदीला लंगडत होती ती या काट्यापायी.

"मला वाटलं, लाजतीयास," ख्वाजाभाई हळूच म्हणाले.

"लाजत न्हवते, बोंबलत हुते. आतल्या आत."

"मग काटा काडला कुनी?"

"हौदावरच्या अंबूबाईनं. तुमी चाल बगत हुतासा की."

डोळे पुसत तिनं घागर उचलली आणि तिचा चेहरा बदलला. "ह्यात पानी कुटं हाय?"

"स्टेजवर पानी कसलं? पाय घसरतोय."

"रिकामी घागर घिऊन बाई चालनार कशी? रोशन, उद्या भरून घे. फुडचं घागर शिकवती."

दुसऱ्या दिवशी ख्वाजाभाई दोनदा दाढी करून, लुगड्याचं गाठोडं काखोटीला मारून काठावर हजर होते. रोशनबीनं घागर काठोकाठ भरली, कमरेवर घेतली आणि दांडा फिरू लागला.

पहिल्याच पावलाला गार पाणी कमरेवरून खाली ओघळलं. ती शहारली. घागर घसरली, तिनं ती गुडघ्यानं वर ढकलली, वाटेतल्या दगडाला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. तिसरं पाऊल कधी पडलं नि चौथं कधी, तिला कळलंच नाही. ती चालत राहिली ती थेट म्हशींपर्यंत.

"पुन्यांदा!" मास्तर ओरडले.

रोशनबीनं बापाच्या काखोटीतल्या गाठोड्याकडे पाहिलं. "चुकलं?"

"चुकलं न्हाय. येक ढग आडवा आला. आगदी आसंच, पुन्यांदा!"

"आवो मास्तर," ती म्हणाली, "ह्येलाच आमच्यात वन्समोर म्हनत्यात!"

पण हसताना घागर निम्मी सांडली होती. पुन्हा भरायला ती वळली, तर ख्वाजाभाईंनी गाठोडं दगडावर टाकलं होतं. तिच्या हातातली घागर घेऊन, धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात उतरले. भरली घागर खांद्यावर घेऊन ते वर आले ते कुठंही न थबकता, चांगल्या दांडग्या गड्यासारखे.

त्यानंतर वस्तरा कोनाड्यातच राहिला. पंधरा-वीस दिवसांत ओठावर मिशी आली, अर्धी काळी, अर्धी पांढरी. रोशनबी समोर बसून ती निरखत होती. बापाला मिशी कशी दिसेल, हा एकच प्रश्न तिला आजवर कधी सुचला नव्हता.

सुलतानबीनं भाकरी ताटात टाकली. "झ्याक हाय. ही कुनाची उचललीसा?"

ख्वाजाभाईंनी मिशीवरून बोट फिरवलं. "न्हाय," ते म्हणाले, "ही माजी हाय."