एअर काढली का?

कूलंटचा गोडसर वास आला की मला तुळजापूरचा घाट आठवतो. माझ्या जुन्या बीएमडब्ल्यूचा रेडिएटर मी व्हिडिओ बघून स्वतःच बदलला होता आणि तिला भंगार म्हणणारे सासरे पहिल्यांदाच तिच्यात बसले होते. घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ निघाली. "जावईबापू, एअर काढली का?" "मामा, ते ट्रॅक्टरला असतं!" मी ऐटीत म्हणालो. गाडी निवल्यावर जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या त्या माणसानं रेडिएटरजवळचा स्क्रू नाण्यानं सैल केला. आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत मी पाणी ओतत राहिलो. नंतर गाडी सरळ वर चढली. देवळापाशी ते पुजाऱ्याला छाती फुगवून म्हणाले, "आमा दोघांची गाडी हाय, घरीच दुरुस्त करतो." आता कुणी विचारलं, तर मीही 'दोघांची' असंच सांगतो, आणि जरा मोठ्यानंच.